काम, नियम आणि माणूस



संस्था चालवावी कशी, या प्रश्नाला विसाव्या शतकाने जी उत्तरे दिली, त्यांतील तीन ठळक उत्तरे आज ताडून पाहू. कसोटी एकच: राबणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते?

पहिले उत्तर अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याचे. काम मोजा, त्याचे तुकडे पाडा, प्रत्येक हालचाल ठरवून द्या. आपल्या १९११ सालच्या ग्रंथात तो बेथलेहेमच्या पोलाद कारखान्याची हकीकत सांगतो. कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला १२.५ टनांऐवजी ४७.५ टन वाहू लागला, मजुरी १.१५ डॉलरची १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, दाम मात्र दुपटीलाही पोचले नाहीत! या हकीकतीविषयी अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या. पण विचार साहेबाने करावा आणि राबावे मजुराने, ही तिच्यातील वाटणी उघड आहे.

दुसरे उत्तर जर्मन पंडित माक्स वेबर याचे. लेखी नियम, अधिकाराची उतरंड, पात्रता पाहून नेमणूक. नोकरशाही हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. परंतु ज्याला वशिला नाही, त्याला साहेबाच्या लहरीपासून वाचवतो तो नियमच. तोच नियम माणसाला जखडून टाकील, ही भीती वेबरलाही होती.

तिसरे उत्तर शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले. तेथे १९२४ ते १९३२ प्रयोग चालले. दिवे प्रखर केले, उत्पादन वाढले. मंद केले, तरी ते लगेच घसरले नाही. एल्टन मेयो व त्याच्या सहकाऱ्यांनी अर्थ लावला, की माणूस पैशाइतकाच आपुलकीचा भुकेला असतो. पण त्याच कारखान्यात १४ कामगारांच्या एका गटाने रोजच्या कामाची मर्यादा आपापसांत ठरवून टाकली होती. का? जास्त काम केले तर दर कापले जातील, ही धास्ती!

येथे तिन्ही उत्तरांची गाठ पडते. नुसत्या मापाने विश्वास येत नाही आणि नुसत्या गोड बोलण्याने धास्ती जात नाही. ती घालवायला वचन नियमात लिहावे लागते.

आपणांपैकी कित्येक जण पतपेढीच्या, वाचनालयाच्या, शाळेच्या कार्यकारी मंडळावर असतील. त्यांना एवढीच विनंती: काम मोजण्याआधी वाढीतला वाटा ठरवा आणि नियम करताना तो ज्याने पाळायचा, त्यालाही विचारा.