आगाऊ लेखनाची शिदोरी
(शेवगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातिपत्रिकेच्या संपादकास काही काळ परगावी जावे लागल्यास पत्रिकेची व्यवस्था कशी लावावी, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय लहान दिसतो. परंतु पैशावाचून पत्रिका बंद पडते हे सर्वांस दिसते. एका माणसाच्या गैरहजेरीने ती बंद पडते, हे पुष्कळदा ध्यानातही येत नाही.

प्रथम आपल्या शिवारातील दृष्टांत घेऊ. ज्येष्ठात पैठणहून नाथमहाराजांची पालखी निघते व आपल्याच तालुक्यातील लाडजळगावावरून पंढरीस जाते. तीत सामील होणारा शेतकरी वापसा मिळाला तर पेरणी उरकून निघतो. पाऊस लांबला तर बियाणे घरात आणून, केव्हा काय पेरावे हे भावास सांगून निघतो. तो विठ्ठलावर भार टाकतो, पण तिफण दुसऱ्याच्या हाती सोपवून. संपादकानेही परगावी निघताना असेच वागावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता इतिहासाकडे वळू. शेजारच्या नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालविले. 1910 साली त्यांनी ते पुन्हा सुरू केले आणि 1967 साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षापर्यंत, ते चालले. खेड्यात राहून आठवड्यास अंक देणे म्हणजे पुढच्या अंकाचा मजकूर सदैव हाताशी ठेवणे होय. उलट उदाहरण 'मूकनायका'चे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाक्षिक 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते अभ्यासासाठी लंडनला गेले. पत्र इतरांनी चालविले. पण 1923 साली ते बंद पडले. पैशाची ओढाताण होतीच; तथापि ज्यांच्या लेखणीवर पत्र उभे होते ते दूर होते, हेही विसरता येत नाही. लोकमान्य टिळक 1908 ते 1914 पर्यंत मंडालेस होते, तरी 'केसरी' चालू राहिला, कारण न. चिं. केळकरांसारखे सहकारी मागे होते. तात्पर्य, आगाऊ मजकूर आठवडे दोन आठवडे तारून नेईल. पुढचा मार्ग मागे राहिलेला माणूसच काढील.

या कामी आम्ही स्वतः कसे चुकलो, तेही सांगणे प्राप्त आहे. कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्हांस दोन महिने बाहेर राहावे लागले. निघण्यापूर्वी आम्ही दोन अंक पूर्ण लिहून ठेवले, आणि मनातून त्याचा मोठा अभिमान वाटला. त्यांतील एका लेखात 'यंदाच्या समाधानकारक पर्जन्याने शिवारे हिरवी झाली आहेत' असे वाक्य होते. पाऊस फिरकलाच नाही. अंक वाचकांच्या हाती पडला तेव्हा घरोघरच्या भगिनी टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या होत्या आणि कपाशी वाळत होती. परत आल्यावर एका वृद्ध शेतकरी बांधवाने आम्हांस एवढेच विचारले, "अहो, तुम्ही राहता कोठे, आणि लिहिता कोठले?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून आम्ही मजकुराचे तीन भाग करतो. पहिला, जो केव्हाही चालतो : आरोग्य, गृहव्यवस्था, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, ज्ञातीचा इतिहास. दुसरा, जो ठरलेल्या दिवसाचा : सण, पुण्यतिथी, शिष्यवृत्तीच्या अर्जांची सूचना, त्यावर 'अमुक तारखेनंतर छापू नये' असा शेरा ठळक लिहावा. तिसरा, जो आगाऊ लिहूच नये : पाऊसपाणी, बाजारभाव, परीक्षांचे निकाल, जन्ममृत्यूच्या वार्ता. यासाठी अंकात एक रकाना मोकळा सोडावा व मागे राहणाऱ्याने तो भरावा. आगाऊ लेखात 'काल', 'यंदा', 'नुकतेच' हे शब्द येऊ देऊ नयेत. शक्य तर दोन-तीन लहान लेख राखीव असावेत. कारण ऐन वेळी एखादा लेख काढावा लागला तर जागा कोरी राहू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, मागे राहणाऱ्यास लेख मागे घेण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. नुसत्या किल्ल्या देऊन 'मला विचारल्यावाचून काही बदलू नका' असे बजावणे म्हणजे अधिकार देणे नव्हे. आज संगणकावर मजकूर चढवून दिवस व वेळ नेमून दिली की तो आपोआप वाचकांकडे जातो. सोय उत्तम आहे. परंतु यंत्रास तारीख कळते. गावात दुखवटा आहे की दुष्काळ, हे कळत नाही. ते कळणारा माणूस गावातच हवा. संपादक बाहेरगावी आहेत हेही अंकात मोकळेपणाने छापावे. वाचक रागावत नाहीत.

ज्ञातिबांधवहो, आपल्यातील कित्येक कुटुंबे नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस व त्याहूनही दूर गेली आहेत. त्यांस गावाची खबर देणारा धागा म्हणजे ही पत्रिका. तो एका माणसाच्या प्रवासाने तुटू नये. म्हणून आज आमची एकच विनंती आहे : या सभेतील दोन तरुण आणि दोन भगिनी यांनी पुढे यावे, प्रत्येकी एक अंक आमच्या देखरेखीखाली काढावा व पुढील वर्षी एक अंक आम्हांस न विचारता काढून दाखवावा. तो अंक परगावी बसून इतर वाचकांप्रमाणे वाचावयास मिळाला, तर आमच्या सेवेचे सार्थक झाले असे आम्ही मानू.