रंग आतल्या बाजूला

रंग बदलणाऱ्याला आपल्याकडे कुणी चांगलं म्हणत नाही. सरड्याची उपमा तयारच असते. आज मात्र माणसाच्या भल्यासाठी रंग दाखवणाऱ्या एका मास्कबद्दल बोलायचं आहे.

जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी या मास्कची माहिती प्रसिद्ध केली. त्यात कागदावर सुकवलेली रसायनं असतात. मास्क घातलेल्यानं बटण दाबलं की पाणी सुटतं, रसायनं जागी होतात आणि श्वासातला करोनाचा विषाणू ओळखतात. दीड तासाच्या आत पट्टीवर रंगीत रेघ उमटते. ती रेघ मास्कच्या आतल्या बाजूला दिसते. ज्याची त्याला कळावी म्हणून.

मला हेच भावलं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. पुढे दारांवर कागद लागले. चंद्रपुरात आमच्याही दारावर लागला. आम्ही बरे झालो, कागद निघाला, डिंकाचा डाग राहिला. रोज हाक मारणारा दूधवाला कितीतरी दिवस पलीकडच्या गल्लीनं जायचा. त्याला काय दोष द्यायचा? भीती त्यालाही होतीच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे कागद लावू नयेत.

मग शेजाऱ्यांना कळायचं कसं? याचं उत्तर मला आमच्या शेजारच्या गडचिरोलीत सापडतं. भामरागड, एटापल्लीच्या जंगलात मलेरिया जुनाच. तो विषाणूचा आजार नव्हे, पण रेघेची भाषा तीच. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब पट्टीवर घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ वाचते. तिच्या पिशवीत पट्टीशेजारी गोळ्याही असतात. म्हणूनच माणूस बोट पुढे करतो. रेघेमागून औषध येतं, हिणवणं येत नाही, हे ठाऊक असलं की आजार कुणी लपवत नाही, आपणहून सांगतो.

अमेरिकेतला तो मास्क प्रयोगशाळेतला नमुना होता. उद्या तसे मास्क आपल्या खाणकामगारांच्या, परिचारिकांच्या तोंडावर आले, तर माझं मागणं एवढंच: ज्याचा श्वास आहे, त्याला तो रंग आधी दिसावा. आणि त्यानं दार उघडून सांगितलं, तर दूधवाल्यानं गल्ली बदलू नये.