चिनी सुयांची पारख

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या बैठकीला एका मावशींनी आम्हांला एक प्रश्न विचारला होता. त्यांची कंबर सात वर्षे दुखते आहे. भातलावणीच्या दिवसांत तर वाकवत नाही, आणि वाकल्या तर चटकन उभे राहवत नाही. तेल झाले, शेक झाला, कमरेचा पट्टा झाला, गोळ्याही खाऊन झाल्या. आता तालुक्याला कोणी सुया टोचून दुखणे बरे करतो असे त्यांच्या कानांवर आले.

मावशी म्हणाल्या, "दहा वेळा जावं लागतं म्हणे. एसटीचं भाडं, त्याची फी, वर दहा दिवसांची मजुरी बुडणार. गुण येणार असंल तर शेळी विकते. पण गुण येतो का, तेवढं सांगा."

आम्ही म्हणालो, "मावशी, वाचून, विचारून येतो. मग सांगतो." तेच सांगायला आज उभे आहोत.

पहिल्याने या सुया कसल्या, ते पाहू. ही चीन देशातली जुनी विद्या आहे. दोन हजार वर्षे तरी चालत आलेली. तिला इंग्रजी नाव अॅक्युपंक्चर. सुई केसासारखी बारीक असते. इंजेक्शनच्या सुईसारखी ती पोकळ नसते आणि तिच्यातून औषधही जात नाही. नुसती टोचायची, थोडा वेळ ठेवायची आणि काढायची.

चिनी वैद्य म्हणत, शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते. शेतात पाटाचे पाणी वाहते तशी. पाट तुंबला की दुखणे येते. ठरलेल्या जागी सुई टोचली की पाट मोकळा होतो. शरीर उघडून पाहणाऱ्या डॉक्टरांना मात्र असे पाट कुठे सापडलेले नाहीत.

या विद्येशी आपला एक धागा जुळलेला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतातून चीनला गेले. तिथे लढाई चालू होती, जखमींची सेवा करायची होती. 1942 साली ते तिथेच वारले. त्यांच्या पथकात पाच डॉक्टर होते. त्यांपैकी बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्याला येऊन तिचा वापर करू लागले.

आता मुख्य प्रश्न. गुण येतो का?

तुम्ही म्हणाल, ज्याने टोचून घेतले त्यालाच विचारा की! पण मंडळी, इथेच माणूस फसतो. असे पाहा. यंदा तुम्ही शेतात नवे खत घातले. पीक भरघोस आले. पण यंदा पाऊसही वेळेवर पडला होता. मग पीक खताने आले की पावसाने? जाणता शेतकरी काय करतो? त्याच शेतात एक पट्टा बिनखताचा ठेवतो. दोन्ही पट्ट्यांवर पाऊस सारखा, बी सारखे, मशागत सारखी. मग जो फरक दिसेल तो खताचा.

कंबरदुखीचेही तसेच आहे. ती कधी चढते, कधी उतरते. फार चढली की माणूस उपाय शोधायला धावतो. ती आपोआप उतरली तरी श्रेय त्या उपायाला जाते. म्हणून रोग्यांचेही पट्टे पाडावे लागतात. कोण कोणत्या पट्ट्यात जाईल हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही, रोग्यानेही ठरवायचे नाही. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे. नाही तर धडधाकट माणसे एकीकडे आणि थकलेली दुसरीकडे, असे होऊन बसेल.

असा मोठा प्रयोग जर्मनी देशात झाला. तिथे बहुतेक लोक आजारपणाच्या विम्याचे पैसे दरमहा भरतात. सुयांचा खर्च या विम्यातून द्यावा की नाही, असा वाद पडला. देणाऱ्यांनी म्हटले, आधी पारख करू, मग पैसे देऊ. मावशींचाच प्रश्न, फक्त शेळी जरा मोठी!

कंबरदुखीचे 1162 रोगी त्यांनी घेतले. सरासरी आठ वर्षे त्यांची कंबर दुखत होती. म्हणजे आपल्या मावशींचेच सोबती म्हणा ना. त्यांचे तीन गट पाडले.

पहिल्या गटाला रीतसर चिनी पद्धतीच्या सुया. ठरलेल्या जागी, चांगल्या खोल. दर खेपेला अर्धा तास, अशा दहा खेपा.

दुसऱ्या गटालाही सुया, अर्धा तास, दहा खेपा. पण या सुया लटक्या. म्हणजे चिनी शास्त्रात नसलेल्या भलत्याच जागी, नुसत्या कातडीत, वरच्यावर. कोणाला खऱ्या आणि कोणाला लटक्या, हे रोग्यांना कळू दिले नाही. आपल्याला यांपैकी काहीही मिळेल, हे मात्र आधी सांगून त्यांची संमती घेतली होती.

तिसऱ्या गटाला सुया नाहीत. त्यांना नेहमीचे उपचार. गोळ्या, व्यायाम, अंग चोळणे, शेकणे वगैरे.

सहा महिन्यांनी सगळ्यांची विचारपूस केली. या प्रयोगाचा निकाल 2007 साली छापून आला. आता आकडे नीट ऐका. पाटीवर लिहून घ्या.

नेहमीच्या उपचारांनी 100 पैकी 27 जणांना चांगला उतार पडला.
खऱ्या सुयांनी 100 पैकी 48 जणांना.
आणि लटक्या सुयांनी 100 पैकी 44 जणांना!

आहे की नाही गंमत? सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा पुष्कळ जास्त गुण आला. पण सुई खरी की लटकी, याने फारसा फरक पडला नाही. 48 आणि 44 मधले अंतर इतके थोडे आहे की ते योगायोगानेही पडू शकते.

मग गुण आला कशाने?

काही जण म्हणाले, वरवर टोचली तरी ती सुईच. टोचल्याने शरीरात काही तरी होतच असेल. हे अगदीच टाकाऊ म्हणणे नाही. काही जण म्हणाले, डॉक्टर अर्धा अर्धा तास रोग्याजवळ असतो, हात लावतो, रोगी शांत पडून राहतो, मनात आशा असते. त्याचा हा गुण. शिवाय तिसऱ्या गटातली माणसेही सुयांच्या आशेने आली असणार. चिठ्ठीत सुई निघाली नाही. त्यांचा हिरमोड झाला असेल, तर तोही आकड्यांत उतरला असेल.

या आशेचे वजन किती, तेही एका प्रयोगात पाहिले आहे. अमेरिकेत बोस्टन शहरी पोटाच्या जुनाट दुखण्याचे 262 रोगी घेतले. या प्रयोगाचा निकाल 2008 साली आला. इथे तर सुई कातडीत शिरतच नव्हती. नाटकातल्या सुरीसारखी ती आपल्याच मुठीत मागे सरकायची. रोग्याला मात्र वाटायचे, टोचली. एका गटाला काहीच दिले नाही, नुसते थांबायला सांगितले. दुसऱ्याला लटकी सुई दिली, पण बोलणे जेवढ्यास तेवढे. तिसऱ्यालाही लटकीच सुई, पण डॉक्टर आपुलकीने बोलला, नीट ऐकून घेतले, धीर दिला.

तीन आठवड्यांनी विचारले. थांबलेल्यांपैकी 100 त 28 जणांना बरे वाटत होते. नुसत्या लटक्या सुईने 44 जणांना. लटकी सुई आणि गोड बोलणे मिळालेल्यांपैकी 62 जणांना!

तेव्हा मंडळी, डॉक्टराने नीट ऐकून घेणे, हाही औषधाचाच एक भाग आहे. आमच्या दवाखान्यांतून हे औषध फार कमी मिळते. रोग्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत चिठ्ठी लिहून होते. त्यात रांगेचा दोष आहे, माणसांच्या तुटवड्याचाही आहे. पण दुखणाऱ्या माणसाला ते लागते, हे खरे.

कोणी म्हणेल, एकदोन प्रयोगांवर काय ठरवता? बरोबर आहे. म्हणून जाणत्यांनी 39 प्रयोगांचे कागद एकत्र केले. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी, खांदेदुखी. मिळून 20,827 रोगी. ही बेरीज 2018 साली छापून आली. तिच्यातून निघाले ते असे. सुया न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांचे दुखणे बरेच कमी झाले. खऱ्या सुया लटक्यांपेक्षा सरस ठरल्या, पण थोड्याच. आणि पडलेला उतार पुष्कळसा वर्षभर टिकला.

आता गंमत पाहा. जर्मनीने 2007 सालापासून कंबरेच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्याला विम्यातून सुयांचे पैसे द्यायला सुरुवात केली. तेच इंग्लंडमध्ये, रोग्यांना काय द्यावे हे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2016 साली कंबरदुखीला सुया देऊ नका म्हणून सांगितले. लटकी सुईही तेवढीच चालते, तर खरीचे पैसे कशाला, असा त्यांचा हिशेब. पुढे 2021 साली तिनेच, कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यांना सुया देऊन पाहायला हरकत नाही असे म्हटले. शहाणी माणसेही एका आकड्याचे दोन अर्थ लावतात. म्हणून आकडा आपण स्वतः वाचायला शिकायचे.

2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी एक सल्ला छापला. त्यात काय आहे? दुखण्याची नीट माहिती करून घ्या, व्यायाम करा. मालीश चालेल, सुयाही चालतील. पण कमरेचा पट्टा सर्रास बांधू नका, असे स्पष्ट लिहिले आहे. मावशी, ऐकलेत ना? तो पट्टा आता खुंटीला राहू द्या.

आता सांभाळायच्या गोष्टी सांगतो. हे नीट ध्यानात धरा.

एक. कंबर दुखते म्हणून आधी सुयांकडे धावू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. ताप येतो, वजन उतरते, पायांतली शक्ती जाते, लघवी-परसाकडेचा ताबा सुटतो, असे काही असेल तर एक दिवसही थांबू नका. मणक्याला क्षय झाला असू शकतो. तो औषधाने बरा होतो, सुयांनी होत नाही.

दोन. मधुमेह, रक्तदाब, क्षय, फिट यांची चालू औषधे सुयांसाठी कधीही बंद करू नका. जो बंद करा म्हणेल त्याची पायरी चढू नका.

तीन. सुई नवी, बंद पाकिटातली, तुमच्या डोळ्यांदेखत फोडलेली हवी. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर काविळीसारखे रोग रक्तातून पसरतात. छातीवर सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते. असे क्वचितच घडते. पण म्हणूनच टोचणारा रीतसर शिकलेला हवा.

चार. "हमखास गुण" अशी पाटी दिसली तर थांबा. आता तुम्हांला पाटी वाचता येते. मग पुढचेही विचारा. शंभरात किती जणांना गुण आला? आणि सुया न घेणाऱ्या किती जणांना आला?

मावशी, आता तुमचे उत्तर. शेळी विकू नका. सुया म्हणजे थोतांड नव्हे, आणि जादूही नव्हे. शंभरातल्या निम्म्यांना उतार पडला, निम्म्यांना नाही. त्यासाठी दारची दुभती शेळी घालवणे आम्हांला पटत नाही. आधी दवाखान्यात कंबर तपासून घ्या. तिथे व्यायाम विचारा. रोज थोडे चाला, अंथरूण धरून बसू नका. एवढे तीन महिने करून पाहा. तरीही दुखत राहिले, शिकलेला डॉक्टर जवळ असला आणि फी कर्जावाचून झेपत असली, तर खुशाल चार खेपा जाऊन पाहा. उतार वाटला तर पुढे जा. नाही वाटला तर परत या. त्यात कमीपणा नाही.

आणि घरच्यांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. मावशी कंबर धरून बसल्या तर "रोजचंच आहे हिचं" असे म्हणू नका. घडीभर जवळ बसा, काय होते ते विचारा. पाण्याची एक खेप तुम्ही घाला. बोस्टनच्या त्या 62 जणांना ज्याने बरे वाटले, त्यातले निम्मे औषध तुमच्या घरातच आहे. त्याला फी पडत नाही.

एवढे बोलून आम्ही थांबतो. रामराम.