पैसा आला, पण फॉर्ममध्ये अडकला

आज अमेरिकेतल्या घरभाड्याबद्दल बोलूया.

कोविडमध्ये तिथे नोकऱ्या गेल्या, भाडी थकली. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या संसदेने भाडेमदतीसाठी 25 अब्ज डॉलर मंजूर केले. राज्यांना दिले, मोठ्या शहरांनाही थेट दिले. तरी कित्येक ठिकाणी पैसे लोकांपर्यंत पोचेनात. कारण? फॉर्म!

उत्पन्नाचा पुरावा आणा, भाडेकरार आणा. अरे, जो रोखीने कमावतो, तोंडी बोलीवर राहतो, त्याने कागद आणायचा कुठून? मी कामावर फॉर्मच बनवतो. एक 'रिक्वायर्ड' फील्ड वाढवलं की लोक मधेच टॅब बंद करतात. पण आमच्याकडे फार तर ऑर्डर जाते. तिथे घर जातं.

ऑगस्ट 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने, भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची केंद्राची बंदी रद्द केली. त्याच आठवड्यात ट्रेझरी खात्याने शहरांना ठणकावून सांगितलं, की अर्जदाराने स्वतः लिहून दिलेलंही पुरावा म्हणून चालेल. एवढा उशीर!

मग 30 सप्टेंबर आला. कायद्यातच होतं, की त्यानंतर पडून राहिलेला निधी काढून घ्यायचा आणि ज्यांनी किमान 65 टक्के रक्कम मार्गी लावलीय त्यांच्याकडे वळवायचा. पडून राहण्यापेक्षा बरंच, हे मलाही पटतं. पण आधी फॉर्म सुधारायला हवा होता ना! कारण सुस्त ऑफिसचा निधी गेला, तरी तिथल्या साहेबाचं भाडं थकत नाही. थकतं ते त्या माणसाचं, ज्याला फोनवर अजून 'पेंडिंग' दिसतंय.