मोटारीची नाडीपरीक्षा

माणसाच्या शरीरांत रक्ताला जसा ठराविक दाब लागतो, तसा मोटारीच्या इंजिनांत पेट्रोललाहि लागतो. हा दाब उतरला म्हणजे मोटार लगेच बंद पडतेच असें नाहीं. सपाट रस्त्यावर ती निमूटपणें चालते. पण माणसें व सामान घेऊन बोरघाट चढावयाचा असला, कीं तिचा दम उखडतो. पाय दाबला तरी वेग वाढत नाहीं, इंजिन आचके देतें, आणि सकाळीं तें सुरू व्हावयास फार वेळ लागतो. अशा वेळीं पुष्कळांचा पहिला उपाय म्हणजे नवा पंप. हजारों रुपये खर्च होतात आणि पुढच्या घाटांत गाडी पुन्हां थांबते. रोग न ओळखतां दिलेल्या औषधाची हीच गत व्हावयाची.

फियाट ११०० सारख्या कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत पंप इंजिनाच्या फिरण्यावर चाले व त्यास थोडा दाब पुरे होई. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकींतच बुडालेला असतो. तो पेट्रोल फिल्टरमधून इंजिनाजवळच्या ‘रेल’ नांवाच्या नळींत नेतो. तेथून इंजेक्टर त्याचे तुषार उडवितात. साध्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत हा दाब सुमारें ३ ते ४ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिप्पट-चौपट असतो. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांत पाहावा. जास्तीचें पेट्रोल परत सोडून दाब कायम राखणाऱ्या झडपेस रेग्युलेटर म्हणतात.

तपासणी उघड्या जागीं करावी. जवळपास विडी-काडी नसावी व आग विझविण्याचें साधन हाताशीं असावें. प्रथम पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे नळींतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवून दाबमापक जोडावा आणि तार व फ्यूज पूर्ववत् लावावे.

किल्ली फिरवितांच टाकीकडून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकूं येते. ती न आली, तर आधीं फ्यूज, रिले व तारा पाहाव्या. तारेचा सांधा गंजला असल्यास पंपाला वीज कमी मिळते, आणि चांगला पंपहि दुबळा भासतो.

गुणगुण असूनहि मापक दाब कमी दाखवीत असेल, तर पुढची परीक्षा. पेट्रोल परत नेणारी रबरी नळी ज्या गाडींत आहे, तींत ती क्षणभरच चिमटावी. दाब एकदम चढला, तर पंप शाबूत असून रेग्युलेटर सैल आहे. चढला नाहीं, तर फिल्टर तुंबलेला, टाकींतली जाळी भरलेली, किंवा पंप थकलेला. रेग्युलेटरच्या हवेच्या नळींत पेट्रोलचा ओलावा आढळला, तर त्याचा पडदा फाटला असें निश्चित समजावें.

कधीं इंजिन मंद असतां दाब बरोबर असतो व भार पडतांच उतरतो. चाळींतल्या नळाचें उदाहरण घ्यावें: एकच नळ सोडला तर धार जोरदार, चार सोडले कीं गंजलेला पाइप उघडा पडतो. येथें फिल्टर अगोदर बदलून पाहावा. इंजिन बंद करतांच दाब झपाट्यानें ओसरला, तर पंपाची उलट-झडप, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळत असतो. सकाळच्या त्रासाचें मूळ तेंच.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधीं वीज, मग फिल्टर, मग रेग्युलेटर, आणि पंप सर्वांत शेवटीं. पंप बदललाच तर त्याची जाळीहि बदलावी. टाकींतलें पेट्रोलच पंपाला थंड ठेवतें. यास्तव टाकी पाव भागाखालीं वारंवार जाऊं देऊं नये.

एक मर्यादा मात्र पाळावी. डिझेलच्या कॉमन-रेल गाड्यांत दाब हजार बारच्याहि पुढें जातो, आणि थेट सिलिंडरांत पेट्रोल सोडणाऱ्या गाड्यांतहि तो फार मोठा असतो. तेथील बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. अशा नळ्यांना घरीं हात लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें. परंतु त्याच्याकडे जातांनाहि मालकानें ‘पंप बदला’ असें न सांगतां ‘दाब किती आहे?’ असें विचारावें. या एका प्रश्नानें खर्च वांचतो, आणि पुढच्या चढणीवर गाडींतलीं मुलेंमाणसें रस्त्यावर उभीं राहत नाहींत.