कौतिकच्या दारी कोणीच आले नाही

(बाळापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



बाळापूरचा लिखित इतिहास हा बहुतांशी राजपुरुषांचा इतिहास आहे. मन नदीच्या काठचा किल्ला औरंगजेबाचा पुत्र आजमशहा याने बांधावयास घेतला आणि इलिचपूरच्या नवाबाने तो १७५७ मध्ये पुरा केला, अशी नोंद सापडते. मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाची छत्रीही येथे उभी आहे. पण किल्ल्याचे दगड ज्यांनी वाहिले आणि शिपायांचे अंगरखे ज्यांनी शिवले, त्यांची नावे कोठेही नाहीत. ही उणीव भरून काढण्याचे काम पुष्कळदा साहित्याला करावे लागते. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने ते केले. १९६० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आज मराठीतील अभिजात कृतींत गणली जाते. कार्यकर्त्यांच्या वर्गात कादंबरीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. माणसाच्या दुःखाचे कारण कोठे शोधावयाचे, हा राजकारणाचा पहिला प्रश्न आहे आणि ‘धग’ वाचताना तोच पुन्हा पुन्हा समोर येतो, हे त्याचे उत्तर.

कथानक साधे आहे. कौतिक ही महादेव शिंप्याची बायको. एकत्र घर सोडून वेगळे बिऱ्हाड थाटावे, नवऱ्याने स्वतःच्या हिमतीवर धंदा करावा, नामासारख्या मुलाने शिकावे, एवढीच तिची आकांक्षा. महादेव नाकर्ता आहे. संसाराचा गाडा कौतिक एकटीच ओढते, मिळेल ती मजुरी करते, उपाशी राहते पण हात पसरत नाही. पुढे महादेवाला महारोग जडतो. संसार सावरत नाही आणि तिच्या कष्टांना फळ येत नाही. धग म्हणजे ज्वाला नव्हे. ज्वाला दुरून दिसते, तर धग जवळ बसणाऱ्यालाच लागते. कौतिकचे जळणे असे आहे. त्याचा उजेड पडत नाही, म्हणून गावालाही ते दिसत नाही.

या कादंबरीचे दोन सोपे अर्थ लावले जातात. पहिला अर्थ दैवाचा. कौतिकच्या नशिबी दुःख होते, तिने ते सोसले, धन्य ती माउली! दुसरा अर्थ महादेवाच्या आळसाचा. नवरा कामाचा असता तर घर तरले असते. दुसऱ्या अर्थात काही तथ्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पुरुषाने बसून खावे आणि बाईने राबावे, ही रीत गरिबाच्या घरातही चालते. समाजवादी म्हणविणाऱ्याने ती दारिद्र्याच्या नावाखाली माफ करू नये. परंतु केवळ आळसाने हे घर बुडाले, असे म्हटले की हिशेब अपुरा राहतो. कौतिक तर आळशी नव्हती. श्रम, काटकसर, स्वाभिमान हे सुखवस्तू समाज गरिबाला शिकवीत असलेले सारे गुण तिच्या ठायी होते. तरी ती हरली. कष्ट करणाऱ्याला यश मिळतेच, हा सिद्धान्त ‘धग’ने खोटा ठरविला. तिच्या मजुरीला भाव नव्हता, आजाराला इस्पितळ नव्हते, अडचणीला पतपेढी नव्हती. एकट्या माणसाचा सद्गुण एवढ्या ‘नाहीं’ना पुरा पडत नाही.

येथे आणखी दोन माता आठवतात. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातील आईही दारिद्र्यात आणि सावकाराच्या अपमानात संपते, पण तिचे संस्कार मुलातून उरतात. गॉर्कीच्या ‘आई’मधील पेलागेया निलोवना मुलाच्या साथींमुळे भीती टाकते आणि पत्रके वाटता वाटता पकडली जाते. निलोवनाच्या घरी संघटना चालत आली आणि श्यामच्या आईपाशी निदान परंपरेचा आधार होता. कौतिकच्या दारी मात्र कोणीच आले नाही. तिला पेटविणारे कोणी भेटले नाही, म्हणून तिची धग तिलाच जाळीत राहिली.

यावरून लेखकाने एखादा पुढारी आणून तिची सुटका का केली नाही, असा दोष कोणी देऊ नये. शेळके यांनी जे पाहिले तेच लिहिले. गावात चळवळ नव्हती आणि पुस्तकात आणली असती, तर ते खोटे झाले असते. कादंबरीकडून जाहीरनाम्याची अपेक्षा करणारा कार्यकर्ता साहित्यही जाणत नाही आणि आपले कामही जाणत नाही. जे पुस्तकात नाही, त्याची जबाबदारी पुस्तकाबाहेरच्या माणसांवर असते.

भाषेविषयीही एक गोष्ट नोंदली पाहिजे. ‘मले’, ‘तुले’ म्हणणारी वऱ्हाडी बोली शहरी वाचकाच्या लेखी बराच काळ थट्टेचा विषय होती. शेळके यांनी तीच बोली कौतिकच्या विचाराला आणि शोकाला दिली. बोलीला जेव्हा असे गांभीर्य मिळते, तेव्हा ती बोलणाऱ्यालाही प्रतिष्ठा मिळते. शेतमजूर बायांपुढे पुस्तकी मराठीत व्याख्याने झोडणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा.

‘धग’नंतर पुष्कळ काही घडले. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. वि. स. पागे यांनी कल्पिलेल्या रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि २००५ मध्ये देशाने तशाच हमीचा कायदा केला. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात महारोग्यांना ‘धग’च्या आधीच आश्रय दिला होता आणि आज तो रोग औषधाने पूर्ण बरा होतो. या गोष्टी आपोआप घडल्या नाहीत. कोणी तरी त्यांच्यासाठी झगडले. तरीही वऱ्हाडातील कापसाच्या शेतात बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी ठेवण्याची रीत मोडलेली नाही. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याचे कर्ज आणि लेकरे दोन्ही सांभाळणाऱ्या बाया या मुलखात गावोगाव आहेत. सावकाराच्या जोडीला लघुवित्त कंपन्यांचे हप्ते आले आहेत. त्या बायांनाही शेजारीपाजारी ‘मोठी सोशीक’ म्हणूनच गौरवितात.

सोशीकपणाचा असा गौरव करणे ही समाजाची पळवाट आहे. सहन करणाऱ्याची स्तुती केली की सहन करावयास लावणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब मागावा लागत नाही. कौतिक वाचून डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे, पण कार्यकर्त्याचे वाचन तेथे थांबता कामा नये. आपल्या गावात वेचणीचा रोज कोण ठरवितो, कोणाच्या घरी कोणाचा हप्ता थकला आहे, कोणाचा रोग लाजेपोटी लपविला जात आहे, याची यादी ज्याच्यापाशी आहे, त्यालाच ‘धग’ समजली असे म्हणता येईल.