रडणारं झाड आणि आपली मोसम
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय 'वीपिंग विलो'. संयोजकांनी दिला, मी घेतला. पण मनात आपल्या मालेगावची मोसम नदीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. (हशा)

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं या चिनी झाडाला 1753 मध्ये बॅबिलोनचं नाव चिकटवलं. फांद्या लोंबतात त्या दुःखानं नव्हे. कोवळ्या डहाळ्या भराभर लांबतात आणि स्वतःला उचलून धरण्याइतकं बळ त्यांच्यात नसतं. पुढच्या रांगेतले शायर कुजबुजताहेत, फारसीत याला बेद-ए-मजनूँ, म्हणजे मजनूचा विलो म्हणतात. बरोबर. मालेगावात शायरांशी वाद घालण्याइतका मी धाडसी नाही. (टाळ्या)

आता नेपोलियन. हसू नका, संबंध आहे. 1818 च्या मे-जूनमध्ये इंग्रज आपल्या भुईकोटाला वेढा घालून बसले होते. पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांचा किल्ला, आत अरब शिबंदी, आणि महिनाभर हटली नाही! पुस्तकात याला दोन ओळी मिळतात. मोसमेच्या बाजूनं तो तट एकदा नीट बघा, म्हणजे... हो, हो, विलोकडे येतो. तर त्याच उन्हाळ्यात त्याच इंग्रजांचा कैदी नेपोलियन सेंट हेलेना बेटावर होता. 1821 मध्ये तो वारला, विलोंच्या सावलीत पुरला गेला. बेटावर उतरणारा जो तो आठवण म्हणून त्या झाडांची काडी मोडून नेऊ लागला. 1840 मध्ये नेपोलियनचा देह पॅरिसला गेला, तोवर त्या काड्यांची देशोदेशी झाडं झाली होती.

काडी जगते कशी? विलोच्या सालीखाली मुळांचे कोंब आधीच तयार असतात. ओल लागली की फुटतात आणि काठच्या मातीत जाळं विणतात. मोसमेच्या काठासाठी मला हवं आहे ते हे जाळं!

परदेशी रोप मात्र आणू नका. विलोचा सख्खा भाऊ आपल्याकडेच आहे, वाळुंज. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी उभा असतो. तो रडत नाही, ताठ वाढतो. नर झाड वेगळं, मादी वेगळं. मोसमेच्या काठावर भिंती बांधण्याआधी वाळुंज लावा, एवढंच माझं म्हणणं. मागून कुणी म्हणालं, "मुळं पाइपात शिरतील." शिरतील, पाण्याचा माग काढणं हा त्या जातीचा स्वभावच. म्हणून पाइपांपासून लांब लावा. आणि पाइप आधीच गळत असेल, तर त्याचं खापर झाडावर फोडू नका. (हशा)

कुणी विचारतंय, नदीत येणाऱ्या सांडपाण्याचं काय? नाही, सांडपाणी झाड एकटं थांबवणार नाही. तसं मी म्हटलेलंही नाही.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं उरली. तर लावायचं कसं, तेवढं सांगतो. वाळुंजाची काडी अंगठ्याएवढी जाड घ्या, पावसाच्या तोंडावर ओलसर जागी लावा, अर्ध्याहून जास्त मातीत जाऊ द्या. डोळे वरच्या दिशेला हवेत, उलटी खोचू नका. आणि पहिलं वर्ष शेळ्यांपासून जपा.